पाहुणचार विद्यापीठात कसा आला



हॉटेलात काम करायला पदवी कशाला लागते, हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. विचारणारे अडाणी असतात असे मुळीच नाही. मुलगी बारावी झालेली असते, गुण बरे असतात, आणि एके दिवशी ती घरात जाहीर करते की मला हॉटेल मॅनेजमेंटला जायचे आहे. आजी म्हणते, ‘म्हणजे लोकांना वाढायचेच ना? मग त्याला कॉलेज कशाला? वाढायला मीच शिकवले असते की!’ वडील काही बोलत नाहीत. पण शेजाऱ्यांना सांगताना ‘मॅनेजमेंट’ या शब्दावर जरा जोर देतात आणि ‘हॉटेल’ हा शब्द हळूच गिळतात.

आजीचा प्रश्न आणि वडिलांचा संकोच या दोहोंच्या मागे मोठा इतिहास आहे. वैद्यक, कायदा, स्थापत्य यांना विद्यापीठात जागा मिळाली हे आपल्याला स्वाभाविक वाटते. पण पाहुण्याची खोली झाडणे, त्याला जेवू घालणे, त्याचा हिशेब करणे, या गोष्टी विद्यापीठाच्या दारापर्यंत कशा पोचल्या, त्यांना दार कोणी उघडून दिले, आणि आत येताना काही मंडळी बाहेरच राहिली का, हे पाहण्यासारखे आहे. आज तेवढेच पाहू.

पाहुणचार आपल्याला नवा नाही. अतिथीला देवासारखे मानावे, ही शिकवण उपनिषदांपासून चालत आलेली आहे. वाटसरूसाठी विहीर खणणे, धर्मशाळा बांधणे, अन्नछत्र घालणे ही आपल्याकडे पुण्यकर्मे गणली गेली. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याच्या सीमेबाहेरही दूरदूरच्या तीर्थक्षेत्रांत घाट आणि धर्मशाळा बांधल्या. आषाढीच्या वाटेवरची गावे आजही वारकऱ्यांच्या पंगती उठवतात आणि त्याचे मोल मागत नाहीत.

पण या पाहुणचाराचे दुसरे एक अंग होते, आणि त्याबद्दल आपण कमी बोलतो. आलेला माणूस कोण, हे आधी कळावे लागे. गाव कोणते, कूळ कोणते, जात कोणती, हे कळले की बाकीचे सगळे आपोआप ठरे. कोणाला माजघरात पाट मांडायचा, कोणाला ओसरीवर बसवायचे, कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे आणि कोणाला दारावरूनच पुढे पाठवायचे, यासाठी पोथी उघडावी लागत नसे. रीत ते शिकवीत असे. तेव्हा पाहुणचाराला शाळा नव्हती याचे कारण सरळ आहे. ओळखीच्या माणसाचे कसे करावे हे घरातच शिकता येते. अडचण अनोळखी माणसाची असते.

हा अनोळखी माणूस मोठ्या संख्येने दारात आणून उभा केला तो आगगाडीने.

५ जुलै १८४१ या दिवशी इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या एका सुतारकाम करणाऱ्या धर्मप्रचारकाने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. निमित्त काय, तर दारूबंदीची सभा! आजच्या सहलीच्या धंद्याचा उगम दारूबंदीच्या सभेत आहे, ही इतिहासाची एक गंमतच म्हणायची. पुढे १८६३ साली कुक यांनी आपली मंडळी स्वित्झर्लंडला नेली. आल्प्सचे डोंगर पाहायला इंग्रज कारकून, शिक्षक, दुकानदार जाऊ लागले. यांना ना तिथे कोणी नातेवाईक, ना त्यांना तिथली भाषा येत. त्यांच्यापाशी दोन गोष्टी होत्या : थोडे पैसे आणि पुष्कळ अपेक्षा.

स्वित्झर्लंड त्या वेळी आजच्यासारखा श्रीमंत नव्हता. पूर्वी तिथले तरुण पोटासाठी परक्या राजांच्या फौजांत भाडोत्री शिपाई म्हणून जात. त्याच डोंगराळ मुलखात, नीडरवाल्ड नावाच्या खेड्यात, १८५० साली एका शेतकऱ्याच्या घरी तेरावे मूल जन्माला आले. त्याचे नाव सेझार रिट्झ. हॉटेलातला पोऱ्या म्हणून त्याने सुरुवात केली, ठिकठिकाणी धक्के खाल्ले, आणि १८९८ साली पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. त्याचा जोडीदार ओग्युस्त एस्कॉफिये हा फ्रेंच आचारी. १८७० च्या युद्धात त्याने लष्करासाठी स्वयंपाक केला होता. भटारखान्यातल्या आरडाओरडीला त्याने लष्करी शिस्त लावली : एक माणूस फक्त रस्से सांभाळील, एक भाजण्याचे पाहील, एक थंड पदार्थांचे, आणि या सगळ्यांवर एक मुख्य. आज मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात जी कामाची वाटणी दिसते तिचा पाया हा.

पण रिट्झ आणि एस्कॉफिये हे अपवाद. हजारो खोल्या भरू लागल्या, तेव्हा अशा अपवादांच्या भरवशावर धंदा चालेना. तिथल्या हॉटेलवाल्यांनी १८८२ साली आपला संघ काढला होता. त्या संघाच्या पुढाकाराने १८९३ साली, जिनीव्हा सरोवराच्या काठी लोझान शहरात, जगातली पहिली हॉटेलशाळा सुरू झाली. तिचे प्रवर्तक झाक चुमी हे स्वतः हॉटेल चालवणारे गृहस्थ होते. शाळा भरली तीही एका हॉटेलाच्याच इमारतीत. परभाषा, हिशेब आणि वाढण्याची रीत, हे सारे एका छपराखाली शिकवायचे, ही कल्पनाच नवी होती. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला इंग्रज उमरावाशी आदराने, पण न लाजता बोलता आले पाहिजे, हा त्या शाळेच्या उपयोगाचा गाभा होता.

तरीही लोझान ही धंद्याने धंद्यासाठी काढलेली शाळा होती. विद्यापीठात हा विषय गेला तो अमेरिकेत, आणि कोणाच्या हाताने गेला ते ऐकण्यासारखे आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथे १९०० साली मार्था व्हॅन रेन्सलर या बाईंनी शेतकऱ्यांच्या बायकांसाठी एक वाचनमाला सुरू केली. कामातली पावले कशी वाचवावीत, स्वयंपाकघर कसे मांडावे, अन्नात पोषण कशाने येते, अशा विषयांवरची पत्रके टपालाने घरोघर जात. आज आपण रेडिओवरून बोलतो तसेच ते टपालावरून बोलणे. त्यातूनच फ्लोरा रोझ या दुसऱ्या बाईंच्या जोडीने तिथे गृहविज्ञानाचा विभाग उभा राहिला. पुरुष प्राध्यापकांना या ‘चूल-मुलाच्या’ विद्येचे फारसे कौतुक नव्हते. पुढे अमेरिकेतल्या हॉटेलमालकांचा संघ, आम्हांला शिकलेली माणसे तयार करून द्या, अशी मागणी घेऊन आला, तेव्हा ही विद्या बसवायची कोठे, असा प्रश्न पडला. ती बसली गृहविज्ञानात. १९२२ साली हॉवर्ड मीक या तरुण शिक्षकाच्या हाताखाली २१ विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. हॉटेलविद्या विद्यापीठात शिरली ती अशी स्वयंपाकघराच्या दाराने, आणि ते दार बायकांनी आधीच उघडून ठेवले होते.

या नव्या विद्येवर विश्वास नसलेले एक बडे गृहस्थ होते, एल्सवर्थ स्टॅटलर. नवव्या वर्षी काचेच्या कारखान्यात भट्टीपाशी काम, तेराव्या वर्षी हॉटेलात सामान उचलणारा पोऱ्या, आणि पुढे स्वतःच्या हॉटेलांचा मालक. १९०८ साली बफेलो शहरात त्याने असे हॉटेल बांधले की ज्याच्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर होते. दर फक्त दीड डॉलरपासून. हे जमले कसे? शेजारशेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरे त्याने पाठीला पाठ लावून बांधली आणि दोघांचे नळ एकाच उभ्या पोकळीतून वर नेले. खर्च निम्म्यावर आला. दिव्याचे बटण दाराशेजारी हवे, म्हणजे अंधारात चाचपडावे लागत नाही, असल्या गोष्टी त्याच्याच. हे सगळे कॉलेजात न जाता सुचलेल्या माणसाला कॉलेजची मातब्बरी वाटली नाही तर नवल नाही. पण कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेले हॉटेल त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्याचे मत फिरले. १९२८ साली तो वारला. त्याने मागे ठेवलेल्या पैशातून १९५० साली कॉर्नेलमध्ये या विद्येची स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि तिच्यात सरावासाठी खरेखुरे हॉटेलही आले.

आता आपल्या घराकडे वळू. कारण हीच गोष्ट आपल्याकडे अगदी वेगळ्या वाटेने गेली, आणि त्या वाटेवर बोचणारे काटे आहेत.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी ती घेतली, काहींनी नुसता पेला हाती घेतला. पण उपस्थितांची नावे छापली गेली आणि शहरात वादळ उठले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ताचा प्रश्न पुढे दोन वर्षे धुमसत राहिला. लोझानची शाळा निघण्याआधी जेमतेम तीन वर्षांची ही गोष्ट. तिकडे परक्याला चहा कसा द्यावा याचा अभ्यासक्रम ठरत होता, आणि इकडे परक्याच्या हातचा चहा घ्यावा की नाही यावर धर्मसभा बसत होती.

मुंबईत १९०३ साली जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. सिमल्याच्या सेसिल हॉटेलात १९२२ साली, म्हणजे कॉर्नेलचा पहिला वर्ग भरला त्याच वर्षी, मोहनसिंग ओबेरॉय नावाचा तरुण कारकून म्हणून लागला. पुढे तो त्याच हॉटेलाचा मालक झाला. ही नावे आपल्या हॉटेलांच्या इतिहासात नेहमी येतात, आणि यावीतच. पण आणखी एक प्रसंग त्या इतिहासात आला पाहिजे, आणि तो सहसा येत नाही.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठाचा एम. ए. झालेला, लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला एक तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात उतरला. हिंदू हॉटेले त्याला घेणार नाहीत हे त्याला ठाऊक होते. एका पारशी विश्रांतिगृहात जागा होती, पण ती फक्त पारशांसाठी. शेवटी रोजचा दीड रुपया देऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहून तो तिथे राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि तू कोण, असे विचारू लागली. त्याला सामान बाहेर काढावे लागले. बडोद्यात दुसरीकडे कुठेही जागा मिळेना, तेव्हा तो सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. त्या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बफेलोच्या हॉटेलात दीड डॉलर टाकला की खोली मिळे; निदान तो दर दारावर लावलेला असे. बडोद्यात दीड रुपया होता, दोन विद्यापीठांचे शिक्षण होते, आणि तरी खोली मिळेना. अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही; तिथेही काळ्या माणसाला गोऱ्यांच्या पुष्कळ हॉटेलांत त्या काळी आणि नंतरही कित्येक वर्षे प्रवेश नव्हता. सांगायचे आहे ते इतकेच की, खोली स्वच्छ आहे की नाही आणि डाळीला मीठ बरोबर आहे की नाही हे पाहुणचारातले पुढचे धडे झाले. दार कोणासाठी उघडायचे, हा त्यातला पहिला धडा. आणि तो आपल्याकडे आधी कायद्याने शिकवावा लागला.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते तेच डॉ. आंबेडकर. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा चक्क नावाने उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून तिथे कोणाला मज्जाव करता येणार नाही. घटनेसारख्या गंभीर ग्रंथात हॉटेल कशाला, असे एखाद्याला वाटेल. बडोद्याची ती नोंदवही आठवली की ते तिथे कशाला हे कळते.

आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १९५४ साली, मुंबईत पहिली हॉटेलविद्येची संस्था निघाली. इथेही पुढाकार बायकांचाच. अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषद ही ती संस्था काढणारी, आणि तिच्या प्रमुख लीलावती मुनशी. गुजरातीतल्या लेखिका, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगलेल्या. जैन घरातल्या या विधवा बाईंनी १९२६ साली ब्राह्मण कन्हैयालाल मुनशींशी विवाह केला होता, म्हणजे रीत मोडण्याची सवय त्यांना जुनी होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी सहली नव्हत्या, प्रवासीही नव्हते. त्यांच्यापुढे भूक होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती. मुंबईत त्याच वर्षापासून रेशन लागू झाले होते. फाळणीत गव्हाचा सुपीक मुलूख गेला होता. कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्न आणि शेती मंत्री होते. धान्य पुरत नव्हते, म्हणून बायकांच्या त्या परिषदेने शहरांत ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे काढली. तांदूळ-गहू वाचवून इतर पदार्थांचे स्वस्त, पोषक जेवण तिथे मिळे. अशी उपाहारगृहे चालवायची तर शिकलेली माणसे हवीत. त्या गरजेतून ही संस्था अंधेरीच्या भवन्स कॉलेजात सुरू झाली आणि पुढे दादरला माहीमच्या उपसागरासमोर स्वतःच्या जागेत आली.

त्या संस्थेचे आजचे लांबलचक नाव नीट ऐका. त्यात हॉटेल व्यवस्थापन आहे, आहारतंत्र आहे, आणि शेवटी उपयोजित पोषणशास्त्र आहे. पंचतारांकित हॉटेलात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते शेवटचे शब्द शेपटासारखे वाटतात. खरे तर मूळ तिथे आहे. स्वित्झर्लंडात ही विद्या प्रवाशाच्या पैशातून जन्मली, अमेरिकेत धंद्याच्या विस्तारातून, आणि आपल्याकडे धान्याच्या टंचाईतून.

पुढे १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता येथेही अशा संस्था निघाल्या. हे सारे शिक्षण केंद्राच्या अन्न खात्याकडे होते. १९८२ साली ते पर्यटन खात्याकडे गेले आणि त्याच्या देखरेखीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. एका खात्याच्या कपाटातून फायली दुसऱ्या खात्याच्या कपाटात गेल्या, एवढेच वरवर दिसते. पण त्या बदलाचा अर्थ मोठा होता. ‘भुकेल्याला नीट जेवू कसे घालावे’ या प्रश्नाच्या जागी ‘आलेल्या प्रवाशाला कसे रिझवावे’ हा प्रश्न आला. ते वर्ष दिल्लीतल्या आशियाई खेळांचे होते, राजधानीत नवी हॉटेले उठत होती, तेव्हा हा बदल काळाला धरूनच झाला.

पण १९८२ साल मुंबईत आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहिले आहे. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातले आणि घाटावरचे हजारो एकटे कामगार राहत. खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्यांप्रमाणे झोपणारे. त्यांना जेवू घालीत त्या खाणावळवाल्या बायका. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, डबे वेगळे, उधारी महिनाअखेरची, आणि किराणा आणायला सावकाराचे कर्ज. १९७५ साली गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या संस्थेचे नाव काय ठेवले? अन्नपूर्णा महिला मंडळ.

पाहा, दोन अन्नपूर्णा, एकाच शहराशी जोडलेल्या. पहिलीतून विद्येची संस्था निघाली, तिला प्रयोगशाळा मिळाली, पदविका मिळाली, आणि चालू शतकाच्या आरंभी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची व अलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही मिळाली. दुसरीतल्या बायकांच्या कसबाला प्रमाणपत्र कोण देणार? संपात कामगार गावाकडे परतले आणि खाणावळींच्या चुली थंडावल्या. आकडेमोड, खरेदी, साठवण, स्वच्छता, गिऱ्हाइकाचा स्वभाव, बुडीत उधारी, हे सगळे त्या जाणत होत्या. व्यवस्थापन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पण त्यांचे ज्ञान पाठ्यपुस्तकात चढले नाही, आणि त्यांच्या मुलींना हॉटेलविद्येच्या वर्गात सहज जागा मिळाली असेही झाले नाही. तिथला दरवाजा इंग्रजीचा होता.

याचा अर्थ पदवी फोल आहे असा कोणी काढू नये. या विद्येत शिकण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे, आणि ते नुसत्या सरावाने येत नाही. दोनच उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण अन्नाचे. घरी चार माणसांचा भात उरला तर तो झाकून ठेवतात आणि सकाळी फोडणी देतात. बहुधा काही होत नाही. पाचशे माणसांचा भात मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला तर वरचा थर गार होतो आणि मधला कितीतरी तास कोमट राहतो. साधारण पाच ते साठ अंश सेल्सियसच्या मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतूंचे बीज तर शिजवण्यातूनही वाचते आणि त्यांचे विष पुन्हा तापवल्याने जात नाही. म्हणून भात उथळ परातींत पसरून लवकर गार करायचा असतो. लग्नाच्या पंगतीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. त्या पाठीमागे दुष्टपणा नसतो, बहुतेक वेळा हे अज्ञान असते.

दुसरे उदाहरण खोलीचे. कापडाच्या दुकानात आज न खपलेले ठाण उद्या विकता येते. हॉटेलाची आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती रात्र गेली ती गेलीच. शंभर खोल्यांपैकी सत्तर भरल्या तर तीस खोल्यांचे उत्पन्न कायमचे बुडाले, पण पहारेकरी, व्याज, कर यांचा खर्च शंभर खोल्यांचाच राहिला. म्हणून दर केव्हा उतरवावा, केव्हा चढवावा, किती खोल्या आगाऊ द्याव्यात, याचे एक शास्त्रच झाले आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि देशभरच्या खोल्या एकदम रिकाम्या झाल्या, तेव्हा हे गणित किती निर्दय आहे ते सर्वांना दिसले. त्याच दिवसांत मुंबईतल्या काही मोठ्या हॉटेलांनी आपल्या खोल्या डॉक्टरांसाठी उघडल्या. घरी जाण्याची भीती वाटणाऱ्या त्या माणसांना दार उघडून देणे, हेही याच विद्येचे काम होते.

विद्यार्थ्याला तीन-चार वर्षांत मुदपाकखाना, वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची निगा या चारही ठिकाणी उभे राहावे लागते. काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात राबावे लागते. पलंगाची चादर ताणून घालणे, शौचकूप घासणे, पडलेले ताट उचलणे, हे सर्व ब्राह्मणाच्या मुलालाही करावे लागते आणि मराठ्याच्याही, बौद्धाच्याही आणि मुसलमानाच्याही. आपल्या देशात कोणते काम कोणी करायचे हे हजारो वर्षे जन्माने ठरले. ज्या वर्गात हे काम सर्वांना आळीपाळीने करावे लागते आणि त्यावर गुण मिळतात, त्या वर्गाने समाजाला काही दिले नाही असे मी म्हणणार नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात समतेवर निबंध लिहिता येतो. इथे ती हाताने गिरवावी लागते.

आणि म्हणूनच वडिलांनी ‘हॉटेल’ हा शब्द गिळू नये असे मला वाटते. तो शब्द गिळण्यात जुनी भीती आहे. सेवा करणारा तो खालचा, ही ती भीती. टाय लावून आणि इंग्रजी बोलून ती भीती झाकता येते, जात नाही. पदवीधर झालेला तरुण जर भांडी घासणाऱ्याला अरे-तुरे करू लागला, तर त्याने चार वर्षे फक्त पदार्थांची नावे पाठ केली असे समजावे. आजीचेही म्हणणे अर्धे खरे आहे. वाढायला घरी शिकता येते. पण घरी आपण आपल्या माणसाला वाढतो. परक्याला आपल्या माणसाइतक्याच निगुतीने वाढायचे, त्याचे नाव-गाव न विचारता त्याची सोय पाहायची, हे आपल्या घरांनी पूर्ण शिकवले नाही, याला आपला इतिहास साक्षी आहे.

लोझान, इथाका, मुंबई, या तिन्ही ठिकाणी शिकवण्याची सुरुवात वेगवेगळ्या गरजेतून झाली. पण परक्या माणसाला दारात पाहून चेहरा न बदलणे, हा धडा तिघींनाही टाळता आला नाही. आपल्याकडे तो अजून पुरता गिरवून झालेला नाही. नाव विचारून मग खोली शिल्लक नसल्याचे आठवणारे आजही भेटतात. या विद्येचा विद्यार्थी पहिल्या वर्षी स्वागतकक्षात उभा राहतो, तेव्हा त्याच्यापुढे एक नोंदवही असते, किंवा आता संगणक असतो. समोरचा प्रवासी दमलेला असतो. त्याने आपले खरे नाव सांगावे, ते तसेच लिहिले जावे, आणि किल्ली त्याच्या हातात पडावी, एवढीच गोष्ट आहे. १९१७ साली बडोद्यात ती झाली नव्हती.